वकीलसाहेब निवडून आले, पुढं काय?

येरळाकाठ

मंडळी, बरेच दिवस एक विषय डोक्यात घोळतोय. निवडणुकांचं वातावरण तापलं की आमच्या भागात हमखास एक वाक्य ऐकू येतं, "वकील माणूस आहे, निवडून द्या, कुणाला भिणार नाही." त्यावर माझा स्वतःचा अनुभव आहे आणि तो धड चांगलाही नाही, वाईटही नाही. म्हणून हा धागा.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, विट्यापासून फार लांब नाही. मागच्या पंचवार्षिकला मी ग्रामपंचायत सदस्य होतो आणि सरपंच होते विटा कोर्टात प्रॅक्टिस करणारे एक वकील. नाव घेत नाही. ठेकेदार सरपंच बघून झाले होते, पाव्हण्यारावळ्यांचे सरपंच बघून झाले होते. लोकांना आता बीडीओपुढं कलम सांगणारा माणूस हवा होता.

पहिल्याच मासिक सभेची गोष्ट. आमच्याकडं प्रोसिडिंग लिहायची रीत अशी, की सदस्यांनी आधी सह्या ठोकायच्या, चहा प्यायचा आणि घरला जायचं. ठराव भाऊसाहेब (म्हणजे ग्रामसेवक) सवडीनं लिहिणार. दोन ठरावांच्या मधे चार-सहा ओळी कोऱ्या. त्या कोऱ्या ओळींत नंतर काय काय उगवायचं ते सगळ्या गावाला माहीत. कुणाच्या गटाराचं बिल, कुणाच्या घराची नोंद. वकीलसाहेबांनी वही पुढ्यात ओढली. सूचक कोण, अनुमोदक कोण, मोठ्यानं वाचून घेतलं. शेवटच्या ठरावाखाली अर्धं पान मोकळं होतं. खिशातून लाल पेन काढला, त्या मोकळ्या जागेवर वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारली आणि रेघेच्या दोन्ही टोकांना बारीक सही केली. "आता करा सह्या." भाऊसाहेब पेनाला टोपण लावत बसले होते, पेन बंद होईना. पाच वर्षांत त्या वहीत एक ओळ कोरी राहिली नाही. नुसत्या या रेघेनं गावाचे किती पैसे वाचले असतील!

आता दुसरी बाजू. गावच्या गायरानात एका वजनदार माणसानं पोल्ट्रीचं शेड टाकलंय. अर्ज आले, तोंडी बोंबाबोंब झाली, शेवटी विषय सभेपुढं आला. विषय वाचला आणि सरपंच उठले. म्हणाले, "यांच्या वाटपाच्या दाव्यात माझं वकीलपत्र आहे. मी या विषयाला बसणार नाही." उपसरपंचांना खुर्ची दिली आणि बाहेर पाराच्या कट्ट्यावर जाऊन बसले. उपसरपंच त्या शेडवाल्याचे साडू. त्यांनी एका ओळीत निकाल लावला, "विषय पुढील सभेत घ्यावा." पुढच्या सभेत तेच. त्याच्या पुढच्या सभेतही तेच. पाच वर्षांत एका शेडाची तीन शेडं झाली.

मी तेव्हा वकीलसाहेबांवर लय खवळलो होतो. आम्ही निवडून दिलं ते याच कामासाठी ना? आणि ऐन वेळी माणूस बाहेर जाऊन बसतो. आता वाटतं, ते बसून राहिले असते आणि अशिलाच्या बाजूनं बोलले असते तर मी काय म्हणालो असतो?

तुमच्याकडं काय अनुभव?

भडंगप्रेमी

लाल पेन एक नंबर. आमच्या हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरीला हा धागा पाठवतोय.

बाकी चर्चा चालू द्या, मी गणपती पेठेतनं भडंग आणून बसलोय.

अजिंक्यतारा_७२

धागा आवडला. थोडं जुनं उकरतो, वयाचा दोष समजून घ्या.

सातारा जिल्हा आणि काळा कोट यांचं नातं जुनं आहे. यशवंतराव चव्हाण देवराष्ट्र्याचे. ते गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत आहे (सांगलीकरांनी लगेच हुरळून जाऊ नये). १९४१ साली कायद्याची पदवी घेऊन त्यांनी कराडला वकिली सुरू केली. बस्तान बसायच्या आत बेचाळीस उजाडलं. भूमिगत झाले, तुरुंग झाला आणि १९४६ ला थेट मुंबईच्या विधानसभेत गेले. म्हणजे वकिलीची मिळकत म्हणाल तर जेमतेम. पण पुढं मुख्यमंत्री असताना, समोरचा विरोधक पोटतिडकीनं बोलत असला तरी त्याचं म्हणणं पुरतं ऐकून मग मुद्द्याला धरून उत्तर द्यायची जी सवय होती, ती मला कोर्टातलीच वाटते.

याच्या बरोबर उलट उदाहरणही साताऱ्याचंच. १ एप्रिल १९३७ ला मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झाले ते आपले सर धनजीशा कूपर. (प्रांताच्या प्रमुखाला तेव्हा पंतप्रधानच म्हणत.) वकील नव्हेत, कारखानदार. काँग्रेसनं सुरुवातीला मंत्रिमंडळ करायला नकार दिला म्हणून त्यांना संधी मिळाली. जुलैत काँग्रेस तयार झाली आणि कूपर गेले. त्यांच्या जागी आले बाळासाहेब खेर, पेशानं सॉलिसिटर. साडेतीन महिन्यांत कारखानदाराकडून खुर्ची कायदेवाल्याकडं.

आणि बॅ. बाबासाहेब भोसले विसरू नका, तेही आपल्याच जिल्ह्याचे. जानेवारी १९८२ ला सिमेंट प्रकरणात हायकोर्टाचा निकाल आला, अंतुल्यांनी राजीनामा दिला आणि भोसले मुख्यमंत्री झाले. एका बॅरिस्टरला कोर्टामुळं खुर्ची सोडावी लागली आणि त्याच खुर्चीत दुसरा बॅरिस्टर बसला. वर्षभरात तेही गेले, पण कोर्टामुळं नव्हे, स्वपक्षीयांमुळं.

कडबाकुट्टी

काय राव अजिंक्यतारा काका, सगळं वकिलांच्याच पदरात घालताय.

वसंतदादा कुठल्या लॉ कॉलेजात गेले होते? २४ जुलै १९४३ ला सांगलीच्या जेलातनं उडी टाकून पळाले, अंगावर गोळी झेलली. पुढं चार वेळा मुख्यमंत्रीपदाची शपथ घेतली. शाळा म्हणाल तर सातवीपातूर. आणि ह्याच सातवीवाल्यानं १९८३ ला विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांना परवानगी दिली, म्हणून तुमची आमची पोरं पुण्याला कंपनीत बसल्यात.

क्रांतिसिंह नाना पाटील तलाठ्याची नोकरी सोडून आलेले. १९५७ ला साताऱ्यातनं लोकसभेवर गेले. त्यांना कायदा मोडायचा कसा ते यायचं, आणि तेवढं त्या टायमाला पुरत होतं.

वकील निवडून दिला की तुमचं काम हुतंय का न्हाई म्हाईत न्हाई, पण का हुत न्हाई ते मात्र लय झ्याक सांगतो.

भडंगप्रेमी

शेवटच्या वाक्याला +१००. हे कुणीतरी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवा.

सनदवाला

कराड कोर्टात बावीस वर्षं झाली, त्यामुळं मी आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतोय असं समजा.

आधी कायद्याचं सांगतो, कारण यात बऱ्याच जणांचा घोळ होतो. बार काउन्सिलच्या नियम ४९ प्रमाणं वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. त्यावर बोट ठेवून एक याचिका सुप्रीम कोर्टात गेली होती, की आमदार-खासदारांना पगार मिळतो, मग त्यांनी कोर्टात उभं राहता कामा नये. २५ सप्टेंबर २०१८ ला निकाल आला. आमदार-खासदार हे कुणाचे नोकर नाहीत, त्यांच्यात आणि सरकारात मालक-नोकर असं नातं नाही, त्यांना मिळतं ते घटनेनं ठरवलेलं वेतन, तेव्हा नियम ४९ त्यांना लागत नाही. बार काउन्सिलला स्वतंत्र बंदी घालायची असती तर तसा नियम करावा लागला असता, तो केलेला नाही. म्हणजे आमदार सकाळी कोर्टात आणि दुपारी विधानभवनात, हे आज कायद्याला मंजूर आहे.

गंमत बघा, याच सुप्रीम कोर्टानं १९९६ ला मुंबईच्या एका डॉक्टरला दवाखाना चालू ठेवून सनद द्यायला नकार दिला होता. वकिली हा पूर्ण लक्ष मागणारा पेशा आहे, दोन्ही दगडांवर पाय चालणार नाही, असं म्हणून. डॉक्टरकी आणि वकिली एकत्र चालत नाही, आमदारकी आणि वकिली चालते. माझा यावर आक्षेप नाही, फक्त नोंद घ्या.

मंत्री झालेला वकील मात्र कोट खुंटीला टांगतो.

आता मूळ धाग्याकडं. येरळाकाठ दादा, तुमचे सरपंच बाहेर गेले ते शंभर टक्के बरोबर. ज्याचं वकीलपत्र घेतलंय त्याच्याविरुद्ध ठरावावर सही करायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच बाजूनं कोर्टात उभं राहायचं, याला आमच्यात शेण खाणं म्हणतात. आणि बाजूनं मत दिलं असतं तर ते त्याहून वाईट.

पण तुमच्या गोष्टीत मला एक खटकलं. गायरान ही सरकारी जमीन. ग्रामपंचायतीनं काही केलं नाही तरी महसूल कायद्याच्या कलम ५० खाली तहसीलदारांकडं, कलेक्टरांकडं जाता येतं. सरपंचांनी तो अर्ज करायला नकोच होता, ते त्यांच्या अशिलाविरुद्ध झालं असतं. तुमचे हात कुणी बांधले होते? तुम्ही सदस्य होतात. पाच वर्षं "पुढील सभेत घ्यावा" लिहिलं जात असताना विरोधी मत नोंदवलंत का?

मिरजेची_तार

सनदवाला साहेबांचा शेवटचा प्रश्न जिव्हारी लागणारा आहे, उत्तराची वाट बघतेय.

तोवर माझा अनुभव. आमच्या वॉर्डात (महापालिका हद्द, याहून जास्त सांगत नाही) एक नगरसेवक वकील होते. आमच्या गल्लीत शेजारच्या बांधकामानं ड्रेनेजचा उतार बिघडवला आणि पावसाळ्यात पाणी आमच्या जोत्याला लागायला लागलं. मी आणि सासूबाई त्यांच्या ऑफिसात गेलो. बाहेरच्या खोलीत दोन बाकडी, एका बाकड्यावर आमच्यासारखे मतदार, दुसऱ्यावर पक्षकार. कोण कुठं बसलंय ते त्यांचा ज्युनियर बघायचा. आम्ही चुकून पक्षकारांच्या बाकड्यावर बसलो असणार, कारण नंबर लवकर लागला.

साहेबांनी सगळं नीट ऐकलं, फोटो बघितले आणि म्हणाले, "केस मजबूत आहे. आधी बिल्डरला आणि महापालिकेला नोटीस काढू. नोटिशीची फी बाहेर ज्युनियर सांगेल." सासूबाईंनी मला विचारलं, "अगं, यांनाच मत दिलं होतं ना आपण? मग फी कसली?" मी काय सांगणार. बाहेर येऊन दुसऱ्या बाकड्यावर जाऊन बसायचा धीर झाला नाही. रिक्षा करून घरी आलो.

ड्रेनेज शेवटी वॉर्ड ऑफिसच्या एका मुकादमानं सरळ केलं. एका दुपारी, चार माणसं लावून.

सनदवाला

ताई, तुम्ही सांगताय ते साधं नाही. नगरसेवक झाल्यावर, ज्या दाव्याशी किंवा कामाशी महापालिकेचा संबंध आहे त्यात व्यवसाय म्हणून काम घेतलं तर नगरसेवकपद धोक्यात येतं, अशी तरतूद महापालिका कायद्यात आहे. कायदा करणाऱ्यांना हीच दोन बाकडी दिसली असणार. महापालिकेलाच नोटीस काढायची आणि महापालिकेच्याच सभागृहात बसायचं, हे चालत नाही.

तुम्ही फी दिली असती आणि पावती मागितली असती तर मजा आली असती.

मिरजेची_तार

पावती मागायचं सुचलं असतं तर मीच निवडणुकीला उभी राहिले असते.

कुंडलकर

वेगळा मुद्दा मांडतो. आपल्या भागाला वकिलांशिवाय न्याय करायचाही इतिहास आहे. १९४३ ते ४६ च्या प्रतिसरकारात गावोगाव न्यायदान मंडळं होती. सावकाराचा त्रास, बांधाचं भांडण, नवऱ्यानं टाकलेली बाई, सगळं गावातच, चावडीसमोर. तारखा नाहीत, स्टॅम्प नाही, वकील नाही. आजोबा सांगायचे, बांधाचा तंटा असला की मंडळी आधी बांधावर जाऊन बघायची, मग बसायची. आज दिवाणी दाव्यात कोर्ट कमिशनर नेमायला किती महिने जातात ते सनदवाला साहेबांना विचारा.

आर. आर. आबा गृहमंत्री असताना २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम आली, तिची मुळं मला तिथंच दिसतात. आणि आबा स्वतः एलएलबी. कायदा शिकलेला माणूस गावाला सांगतोय की कोर्टात जाऊ नका! हे मला फार आवडलं होतं.

अजिंक्यतारा_७२

कुंडलकर, सहमत. पण न्यायदान मंडळाचा निकाल ज्याच्या विरोधात जाई, त्याला अपील कुठं होतं? मंडळात बसणारी माणसं मोठी होती म्हणून निभावलं. आज आमच्या पेठेतली तंटामुक्त समिती बघतो तेव्हा मला मुन्सफ कोर्ट बरं वाटतं.

आबांचंच पुढचं उदाहरण देतो. डान्स बार बंदी २००५ ला त्यांनी आणली. विधानसभेत टाळ्या, बाहेर टाळ्या. २००६ ला हायकोर्टानं तो कायदा रद्द केला आणि २०१३ ला सुप्रीम कोर्टानं हायकोर्टाचा निकाल कायम ठेवला. कायदा शिकलेल्या गृहमंत्र्याचा कायदा टिकला नाही. हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही. पण पंचतारांकित हॉटेलला एक नियम आणि साध्या बारला दुसरा, हा भेद कोर्टात टिकणार नाही हे एखाद्या मुरलेल्या वकिलानं मसुद्यातच दाखवलं असतं. नुसती पदवी असणं वेगळं आणि उलटतपासणीत रोज तोंडघशी पडून शिकणं वेगळं.

कडबाकुट्टी

आबांवर बोलायचं न्हाई काका. साधा माणूस हुता.

अजिंक्यतारा_७२

साधा होताच. माणसावर नाही, कायद्यावर बोलतोय.

आकडेमोड

उशिरा आलो. कुणी हा मुद्दा मांडलेला दिसत नाही: पहिल्या लोकसभेत जवळपास तिसरा हिस्सा खासदार वकील होते, इतर कुठल्याही पेशापेक्षा जास्त. नंतर तो आकडा उतरत गेला आणि "व्यवसाय : शेती" लिहिणारे वाढले. का?

माझा तर्क, चूक असेल तर सांगा. पूर्वी तालुक्याच्या गावी सगळा तालुका ज्याच्या दारात यायचा असा एकच माणूस होता, वकील. बाजाराच्या दिवशी चाळीस गावची माणसं त्याच्या ओट्यावर. कुणाचा बांध कुठं आहे, कुणाचं कुणाशी पटत नाही, कोण मेलं, कुणाची वारस नोंद राहिली, सगळं त्याला तोंडपाठ. शिवाय चार महिने तुरुंगात गेला किंवा प्रचारात गेला तरी परत येऊन प्रॅक्टिस चालू. मालक काढून टाकेल ही भीती नाही.

मग सहकारी कारखाने आले. आता चाळीस गावची माणसं कारखान्याच्या सभासद यादीत असतात. ऊस कधी तुटणार, बिल कधी निघणार, पोरगं कुठं चिकटणार, यासाठी लोक चेअरमनच्या दारात. वकिलाच्या ओट्याची जागा शेअर रजिस्टरनं घेतली. सांगली-साताऱ्यात हे जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडं दिसत नसेल.

अजिंक्यतारा_७२

पटलं. यात एक भर. कासेगावचे राजारामबापू पाटील वकील, चिरंजीव जयंतराव इंजिनियर. कराडचे दाजीसाहेब चव्हाण वकील, चिरंजीव पृथ्वीराजबाबा इंजिनियर. वडिलांच्या पिढीला हुशार मुलानं काय व्हावं तर वकील, मुलांच्या पिढीला काय व्हावं तर इंजिनियर. राजकारण दोन्ही पिढ्यांनी केलंच.

आणि एक राहिलं. डॉ. आंबेडकरांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत घातलं गेलं, आजचं प्रतापसिंह हायस्कूल. घटनेचा मसुदा करणारा हा बॅरिस्टर १९५२ ला मुंबईतून लोकसभेला पडला, १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही पडला. मतदार कायद्याच्या ज्ञानाला मत देतो असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

भडंगप्रेमी

भडंग संपलं. कंदी पेढे सुरू केलेत. कुणीतरी म्हणा की हे अवांतर आहे.

सनदवाला

हे अवांतर आहे.

आकडेमोड साहेबांचा तर्क बरोबर आहे, पण वकील अजूनही लागतात, फक्त निकालानंतर लागतात. ग्रामपंचायतीचा निकाल लागला की महिनाभरात आमच्याकडं रांग. १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेलं तिसरं अपत्य, गायरानातलं अतिक्रमण, जात पडताळणी मुदतीत न देणं. पडलेला उमेदवार जिंकलेल्याच्या घराची मापं घेऊन येतो, साहेब, ह्याची पडवी रस्त्यात येते, सदस्यत्व जातंय का बघा. २०१८ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानं अतिक्रमण कुटुंबाचं असलं तरी तिथं राहणारा सदस्य अपात्र ठरतो असं सांगितलं, तेव्हापासून तर सासऱ्याच्या गोठ्याचीही मापं येतात. अतिक्रमणाच्या या कामांना आमच्यात, ग्रामपंचायत कायद्यातल्या पोटकलमावरून, "ज-३ च्या केसेस" म्हणतात. द्राक्ष बागेपेक्षा खात्रीचं पीक आहे.

मिरजेची_तार

बायकांचं कुणी बोललंच नाही. स्थानिक संस्थांत निम्म्या जागा आमच्या. पण माझ्या ओळखीच्या तीन वकील मैत्रिणींपैकी कुणालाही पक्षानं तिकीट विचारलं नाही. एकीला सांगितलं, "मॅडम, तुम्ही फार विचारता." तिकीट मिळालं ते एका माजी सदस्याच्या पत्नीला, आणि अर्जासोबतची शपथपत्रं तपासायला बोलावलं ते याच मैत्रिणीला. फुकट.

कडबाकुट्टी

ताई ह्ये मात्र खरं. आमच्यात पण सरपंच बाई आन सही करतंय दाल्ला. वकील बाई आसती तर दाल्ल्याला बाहेर काढला आसता.

कुंडलकर

वकील आमदारांनी एक काम मनापासून केलं, हे मान्य करावं लागेल. कोल्हापूरच्या खंडपीठासाठी सहा जिल्ह्यांतले वकील वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरत होते, काम बंद ठेवत होते. लोकप्रतिनिधींना सभागृहात विषय लावून धरावा लागला. १८ ऑगस्ट २०२५ ला सर्किट बेंचचं काम सुरू झालं. आता सांगलीच्या माणसाला हायकोर्टाच्या तारखेसाठी रात्रीच्या गाडीनं मुंबईला जावं लागत नाही. सकाळची एसटी पकडली तरी पुकाऱ्याला हजर.

येरळाकाठ

सगळ्यांचे आभार. दोन दिवस लॉगिन केलं नव्हतं. खरं सांगायचं तर सनदवाला साहेबांचा प्रश्न वाचला आणि बंद केलं.

नाही, विरोधी मत नोंदवलं नाही. उपसरपंच आमच्याच पॅनेलचे. त्यांच्या जिवावर माझा वॉर्ड निघालेला. दरवेळी "पुढील सभेत घ्यावा" म्हटलं की मी शेजारच्याकडं बघायचो, शेजारचा माझ्याकडं, आणि सह्या. सरपंच बाहेर कट्ट्यावर बसलेले दिसायचे, त्यांनाही आत काय चाललंय ते दिसत असणार. एकदा सभा संपल्यावर त्यांच्या गाडीजवळ गाठलं आणि म्हणालो, "साहेब, तुम्ही असं उठून जाता, गावानं काय समजायचं?" गाडीत मागच्या सीटवर कोट हँगरला लावलेला. ते म्हणाले, "मी उठतो म्हणून खुर्ची रिकामी राहत नाही. सात जण आत बसलेले असतात." तेव्हा मला तो शहाणपणा वाटला, अंगाशी येऊ न देण्याचा. घरी येऊन बायकोला म्हणालो, वकील शेवटी वकीलच.

तरीही माझी एक तक्रार राहतेच, साहेब. अर्ज भरायच्या दिवशी त्यांना माहीत होतं की आपला अशील गायरानात बसलाय. त्याच दिवशी ते वकीलपत्र सोडता आलं असतं की नाही?

सनदवाला

आलं असतं. अशिलाला नोटीस द्यायची, कोर्टाची परवानगी घ्यायची, नवा वकील लावून द्यायचा. मी असतो तर सोडलं असतं, असं इथं लिहायला सोपं आहे. वाटपाचा दावा म्हणजे पंधरा वर्षांची फी, आणि तो अशील म्हणजे गावातली तीसेक मतं. त्यांनी दोन्ही राखलं आणि वर स्वच्छही राहिले. मी त्यांना दोष देतो तो इथं, बाहेर जाण्यात नाही.

आणि तुमचा दोष कुठं ते तुम्ही लिहिलंतच, त्यावर मी काही बोलत नाही.

कडबाकुट्टी

येरळाकाठ दादा, कबूल केलं ह्ये बी लय झालं. आमच्यात कोण करत न्हाई. पर शेड अजून हाईत का?

येरळाकाठ

आहेत. तिसऱ्या शेडाला गेल्या महिन्यात नवीन पत्रा चढला. परवा दुधाला जाताना बघितलं, कोंबड्यांच्या खाद्याची गाडी आत उलटी लावत होते.

सनदवाला

प्रोसिडिंगच्या नकला काढा. ज्या ज्या सभेत तो विषय पुढं ढकलला त्या सगळ्या. माहिती अधिकारात अर्जाला १० रुपये, नक्कल पानाला २ रुपये. तुमच्या सरपंचांनी लाल रेघा मारून ठेवल्यात, म्हणजे त्यात मागनं कुणी काही घुसडलेलं नसणार. असा स्वच्छ पुरावा मला बावीस वर्षांत फार क्वचित मिळाला. त्या नकला जोडून तहसीलदारांकडं अर्ज.

त्यात तुमच्याही सह्या दिसतील, तेवढी तयारी ठेवा.

येरळाकाठ

आज दुपारी अर्ज दिला. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. भाऊसाहेब तेच आहेत. अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "तुमच्याच काळातलं मागताय?" म्हटलं, हो. पोच घेतली आहे.